अळणी जेवणाचं वर्ष

माझं पोट वाढायला लागलं तेव्हा आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांना वाटलं, मला दिवस गेलेत. मलाही तसंच वाटलं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि त्याबद्दल न बोलायची घरात सगळ्यांना सवय झाली होती. आता पाळी चुकली होती. परकराची नाडी दर आठवड्याला थोडी सैल बांधावी लागत होती. दोन घास खाल्ले की पोट भरायचं, सकाळी मळमळायचं. याचा अर्थ काय, हे बाईला कुणी सांगावं लागत नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. वाशीत आम्ही नव्यानं राहायला आलो होतो. मोकळ्या मैदानात कुणीतरी चार इमारती मांडाव्यात आणि पुढच्या मांडायला विसरून जावं, तसं ते गाव होतं. डांबरी रस्ते छान रुंद, पण थोडं चाललं की रस्ता संपून गवत लागायचं. श्रावणात ते गवत कमरेइतकं झालं होतं. ऑफिसातून मी रजा घेतली होती. दुपारी जेवण झालं की मी त्या गवताच्या कडेकडेनं खाडीच्या बाजूला जायची. खारं, कुजकं, ओलं असं वारं यायचं. मी पोटावर हात ठेवून हळू आवाजात बोलायची. काय बोलायची ते आठवत नाही. ऊन आठवतं, आणि आपण एकट्या नाही, ही भावना. आयुष्यात इतकी सुखी मी क्वचितच होते. ते सुख खोटं होतं, असं मला आजही म्हणवत नाही.

सासूबाई साताऱ्याकडच्या गावाहून धावत आल्या. आल्या त्या थेट स्वयंपाकघरात शिरल्या. सकाळी तुपातला शिरा, दुपारी लोणी-भाकरी, रात्री खारीक घालून आटवलेलं दूध. मी नको म्हटलं की त्या हसायच्या. "तुला नको असंल, त्याला पायजे," म्हणायच्या. मी डोळे मिटून गिळायची. पोट वाढत होतं आणि हातपाय काडीसारखे होत होते. शेजारणी म्हणायच्या, मुलगा असला की असंच होतं.

मग एका सकाळी ओटीपोटात अशी कळ आली, की मी मोरीच्या दारातच बसले. वाशीतल्या डॉक्टरीणबाईंनी मला टेबलावर झोपवून पोटावर हात दाबला. इकडून दाबला, तिकडून दाबला. मग हात तसाच ठेवून त्यांनी विचारलं, "तुमच्याबरोबर कोण आलंय?"

त्या प्रश्नातच मला सगळं कळलं.

पुढचे दिवस धुक्यातून आल्यासारखे आठवतात. मुंबईचं मोठं हॉस्पिटल, पांढऱ्या चादरी, ह्यांचा न झोपलेला चेहरा. ऑपरेशन करून गाठ काढली, दोन्ही अंडाशयं काढली, गर्भाशय काढलं. ह्यांनी माझ्या कानाशी वाकून ‘कॅन्सर’ हा शब्द उच्चारला, तो इतक्या हळू, जणू मोठ्यानं म्हटलं तर तो जागा होईल. घरी परत आले तेव्हा सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मला पलंगावर बसवलं. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या. बराच वेळ काही आवाज नाही म्हणून मी भिंतीला धरून गेले, तर त्या तुपाचा डबा मांडीवर घेऊन जमिनीवर बसल्या होत्या.

"मीच वाढवली गं ती," त्या म्हणाल्या. "माझ्या हातानं खाऊ घालून वाढवली."

मी त्यांच्याजवळ खाली बसायचा प्रयत्न केला, पण टाके ओढले. उभ्याउभ्याच त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. सासूच्या डोक्यावर सुनेनं हात ठेवणं हे आमच्याकडे होत नाही. त्या दिवशी झालं.

त्या दिवसापासून घरातलं जेवण बदललं. तळमजल्यावर एक रिटायर्ड गृहस्थ राहायचे, त्यांना निसर्गोपचाराचा नाद होता. त्यांनी सासूबाईंना समजावलं की अशा गाठीला आपण खातो त्यातलंच खायला मिळतं; ते बंद केलं की मागे राहिलेली मुळं उपाशी मरतात. सासूबाईंना हे लगेच पटलं. ज्या हातांनी भरवलं, त्याच हातांनी आता उपाशी ठेवायचं. साखर गेली, दूध गेलं, तूप गेलं, चहा गेला. गॅलरीत पसरट ट्रे मांडून त्यांनी गव्हांकुर लावले. सकाळी ते कातरून, वाटून, फडक्यातून पिळून हिरवा रस माझ्या हातात द्यायच्या आणि मी पूर्ण पिईपर्यंत समोर उभ्या राहायच्या. बाकी उकडलेली भाजी, नाचणीची पातळ पेज. त्यांचा चेहरा बघून मी वाटी रिकामी करायची.

तेवढ्यात इंजेक्शनं सुरू झाली. ठरावीक आठवड्यांनी हॉस्पिटलात जायचं, सलाइनमधून औषध घ्यायचं, तिथेच उलट्या करायच्या आणि दुसऱ्या दिवशी घरी यायचं. त्या औषधानं सगळ्यात आधी माझी चव नेली. पाणी प्यायलं तरी जिभेवर गंजलेल्या खिळ्यासारखं लागायचं. नाचणी, दुधी, गव्हांकुर, सगळ्याला तीच एक चव. परत येताना बस खाडीपुलावर चढली की मी खिडकीच्या गजाला कपाळ टेकवायची. खाली पाणी कधी वर येताना, कधी उतरताना. दूर कडेला मिठागरांचे चौकोन चकाकायचे. मला वाटायचं, बस पुलावरच थांबावी आणि मी ना त्या काठाची ना ह्या काठाची, अशी बसून राहावी.

ती मला भेटली हॉस्पिटलच्या बाकावर. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, उंच, काळीसावळी, लुगड्याचा काष्टा घट्ट, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. डोक्यावरचे केस गेले होते म्हणून पदर कानामागं खोचलेला. मांडीवर डबा उघडा होता. त्यात तांदळाची भाकर आणि उकडलेला दुधी.

"तू पन पुलापलीकडचीच का गं, बाय?" तिनं विचारलं. "मगाशी बशीन होतीस."

ती उरणच्या बाजूच्या एका गावची. लाँचनं आली असती तर जवळ पडलं असतं, पण इंजेक्शन घेतल्यावर लाँचमध्ये पोट ढवळायचं म्हणून ती वाशी-पनवेलवरून लांबचा फेरा घ्यायची. तिचाही आजार तोच. फक्त तिच्या पोटात पाणी भरेपर्यंत घरात कुणाला कळलं नव्हतं. तिलाही वाटलं होतं, वय झालं, पोट सुटलं.

मी माझ्या डब्यातली आमटी तिच्यापुढे सरकवली. तिनं हात आडवा धरला.

"नको गं. मना मीठ बंद हाय."

"डॉक्टरांनी सांगितलं?"

"नाय. पनवेलचा एक औषधवाला हाय, त्यानं सांगलं. अळणी खा, वरीसभर. मीठ खाल्लंस का पोटान परत पानी भरंल." मग ती स्वतःशीच हसली. "आमचा धनी मिठागरान कामाला. दारापुढं मिठाच्या राशी, न माजे जेवनान मिठाचा कन नाय."

आमच्या दोघींच्या तारखा जुळत गेल्या. परतताना ती माझ्याबरोबर वाशीला उतरू लागली. दोन-तीन तास आमच्या घरी पडायचं आणि ऊन कललं की तिचा मुलगा तिला पनवेलच्या एस.टी.त बसवून न्यायचा. सासूबाईंना आधी ती कल्पनाच आवडली नव्हती. पण पहिल्याच दिवशी ती दारात आली, उंबऱ्यावर थांबली आणि म्हणाली, "आई, मी आत येव का?" सासूबाईंनी लगेच चटई टाकली.

त्या दुपारी मला अजून जशाच्या तशा दिसतात. बाहेरच्या खोलीत चटईवर आम्ही दोघी शेजारी शेजारी पडलेलो. पंखा फिरतोय. गॅलरीतून खाडीचा वारा येतोय आणि गव्हांकुराची पाती हलताहेत. औषध अंगात भिनलेलं असायचं, त्यामुळे धड झोपही नाही, धड जागही नाही. डोळे मिटले की आपण पाण्यावर तरंगतोय असं वाटायचं. आणि त्या अवस्थेत आम्ही दोघी खाण्याबद्दल बोलायचो. जिची चव गेली होती ती आणि जिनं मीठ सोडलं होतं ती.

"सांग," ती डोळे मिटूनच म्हणायची.

मी सांगायची. होळीची कटाची आमटी. चुलीवर उकळताना तिला येणारा काळ्या मसाल्याचा तवंग. त्यात पोळीचा तुकडा बुडवला की तो कसा जड होतो. ती ऐकत हुंकार द्यायची. मग तिची पाळी. ती जिताडा माशाच्या कालवणाबद्दल सांगायची, आणि थंडीतल्या पोपटीबद्दल. मडक्यात वालाच्या शेंगा, ओवा, वरून भांबुर्ड्याचा पाला, मडकं उलटं घालून भोवती जाळ. शेतात सगळे गोल बसलेत, धूर डोळ्यांत जातोय. "मग मडका फोडायचा नाय, हलूच उचलायचा," ती म्हणायची. "न पयला वास येतो ना, बाय..." दोघींच्या तोंडाला पाणी सुटायचं. खरंच सुटायचं. ताटात ठेवलं असतं तर दोघींनी तोंड फिरवलं असतं.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात बसून हे ऐकत असायच्या, ते मला नंतर कळलं. एका दुपारी ती झोपल्यावर त्यांनी मला हळूच बोलावलं. "तिचे दंड बघितलेस?" त्या म्हणाल्या. "नुसती हाडं राहिलीत. तिला कुणीतरी खायला घाला गं." मग माझ्या मनगटाकडे त्यांची नजर गेली. त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा पेजेत चमचाभर ताक घालून दिलं.

पुढच्या तारखेला हॉस्पिटलात आम्हा दोघींना परत पाठवलं. रक्त कमी, पांढऱ्या पेशी कमी, वजन घसरलेलं. इंजेक्शन देता येणार नाही. तिला असं परत पाठवायची ती दुसरी वेळ होती. सासूबाई त्या दिवशी माझ्याबरोबर होत्या. वॉर्डातल्या डॉक्टर ठेंगण्याशा, शांत, तोंडावर कायम झोप साचल्यासारख्या. त्यांनी आम्हाला समोर बसवलं आणि काय खाता ते विचारलं. आम्ही सगळं सांगितलं.

"औषध गाठीशी भांडतं," त्या म्हणाल्या, "पण ते भांडण तुमच्या अंगात होतं. अंगात ताकद नसेल तर मला औषध देता येत नाही. औषध लांबलं तर आजाराला वेळ मिळतो. अंडी खा, मासे खा, डाळ, दूध, जे पोटात राहील ते खा. आणि मीठ खा. उलट्यांनी अंगातलं मीठ आधीच जातंय."

उरणची ती बाई, तिला मी एव्हाना ताई म्हणू लागले होते, मान खाली घालून ऐकत होती. मग तिनं वर पाहिलं.

"डाक्टरीनबाय, तुमी कापतान, सुई टोचतान, तं तुमचे हातान. जगवायचा का न्यायचा, तं देवाचे हातान. माजे हातान काय रायला? हा यवडा एक तोंड."

डॉक्टरांनी तिचा हात धरला.

मग सासूबाईंनी घसा साफ केला. मला वाटलं, त्या गव्हांकुराचं विचारणार. त्यांनी विचारलं, "बाई, मी हिला तूप, शिरा, दूध लई घातलं. ती गाठ त्यानं वाढली का?"

"नाही, आजी."

"खरं सांगा."

"खरंच सांगते. काय खाल्लं म्हणून ही गाठ येते आणि काय खाल्लं म्हणजे पुन्हा येत नाही, ते मला माहीत असतं तर मी आधी तेच सांगितलं असतं. पण तुमच्या शिऱ्यानं गाठ वाढली नाही, हे मला माहीत आहे."

सासूबाई बसमध्ये पूर्ण वेळ पदरानं डोळे पुसत होत्या. वाशीला उतरल्यावर त्यांनी बाजारातून अंडी घेतली. घरी येऊन माझ्यासाठी अंड्याची पोळी केली, मुगाचं कढण केलं. मला त्यातलं थोडंच गेलं. पण गेलं. गव्हांकुराचे ट्रे त्यांनी काढून टाकले नाहीत; रस मात्र वाटीभराऐवजी चमचाभर झाला.

ताईनं मात्र मीठ घेतलं नाही. पुढच्या खेपेला ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बाकावर तिची जागा रिकामी बघून मला सलाइनपेक्षा जास्त गार वाटलं.

माझी इंजेक्शनं संपत आली तेव्हा चैत्र लागला होता. ह्यांना म्हटलं, मला तिच्याकडे घेऊन चला. पनवेलहून एस.टी.नं गेलो. तिच्या गावाच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही अंगांना मिठागरं होती. उन्हात पाण्याचे चौकोन, बांधावर पांढऱ्याशुभ्र राशी. डोळे उघडे ठेवणं अशक्य, इतका उजेड. त्या उजेडात मला काही क्षण कळेना, मी जिवंत आहे की आणखी कुठे आले आहे. घरापुढे एक उंच बाई सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. तीच होती. गालांवर थोडं मांस आलं होतं, डोक्यावर काळी लव उगवली होती.

"आयलीस गं बाय!" ती ओरडली आणि सूप टाकून माझ्या गळ्यात पडली.

काय झालं ते तिनं जेवायला बसवून सांगितलं. तिनं अळणी खायला सुरुवात केली त्याच दिवसापासून तिच्या नवऱ्यानंही मीठ सोडलं होतं. कुणाला न सांगता. ती वाढायची ते अळणी कालवण तो मुकाट्यानं खायचा, आणि तिला वाटायचं, तो कामावर काहीतरी खात असेल. फाल्गुनात मीठ काढायचा हंगाम जोरात आला. दिवसभर उन्हात फळी ओढायची, घामाच्या धारा, आणि अंगात मीठ नाही. एका दुपारी त्याच्या पायांत गोळे आले आणि तो वाफ्यातच आडवा पडला. चौघांनी उचलून घरी आणला.

तो समोरच बसला होता. रापलेला, लाजाळू माणूस. ह्यांनी त्याला विचारलं, "पण तुम्ही का सोडलं?"

"तिचे पुढं बसून मी मीठ कसा खाऊ?" तो म्हणाला आणि उठून पाणी आणायला गेला.

"त्याच दिशी मी चुलीवरचे टोपान मूठभर मीठ टाकला," ताई म्हणाली. "न पयला घास मी खाल्ला. मी खाल्ल्याबिगर तो खानार नवता. मना वाटलं, आता मरन आला तर येव दे, पन ह्याला नको. कालवन असा लागला गं, बाय... मी दोनदा भात घेतला." मुलानं तिला परत हॉस्पिटलात नेलं. अर्धवट राहिलेली इंजेक्शनं पुन्हा सुरू झाली होती, फक्त तारखा आता माझ्याशी जुळत नव्हत्या; पुढे तिनं ती सगळी पुरी केली.

त्या दिवशी तिच्या घरी जेवताना मला कालवणाची चव लागली. गंजाची नव्हे, चिंचेची, लसणीची, माशाची. मी नुसती खात राहिले. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच्या ताटातला मासाही माझ्या ताटात ठेवला.

ती त्यानंतर तीनेक वर्षं जगली. मधल्या काळात तिच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं. मी गेले होते, ती वरातीत नाचली होती. मग तिच्या पोटात पुन्हा पाणी झालं. शेवटी भेटले तेव्हा ती ओसरीवर पडून होती, भाताची पेरणी संपत आली होती. ती म्हणाली, "त्या अळणी वरसात काय मिलला मना, सांगू? माजा घो मिलला. तीस वरसं संसार केला, पन तवा मिलला." गेली त्या दिवशी पाऊस इतका होता, की मला निरोप तीन दिवसांनी पोचला.

मी मागे राहिले. का राहिले, याची उत्तरं सगळ्यांकडे तयार होती. सासूबाई शेवटपर्यंत म्हणायच्या, मुगाच्या कढणानं वाचली. तळमजल्यावरचे गृहस्थ गव्हांकुरांचं नाव घ्यायचे, तो चमचाभर का असेना. डॉक्टर मला दरवर्षी तपासायच्या. त्या म्हणाल्या, "तुमचं लवकर सापडलं, त्यांचं उशिरा. आणि तुम्ही खाल्लंत म्हणून तुम्हाला औषध वेळेवर देता आलं. एवढंच मी सांगू शकते." मी एकदा विचारलं, ताईनं मीठ सोडलं नसतं, त्या दोन खेपा चुकल्या नसत्या, तर? त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "माहीत नाही," म्हणाल्या. ते मला आवडलं.

ऐंशीचं दशक संपता संपता वाशी भरत आली होती. गवताच्या जागी सोसायट्या उभ्या राहिल्या, खाडीकडे जाणारी माझी वाट कंपाउंडांत हरवली. तेव्हा पलीकडच्या सेक्टरमधली एक बाई मला भेटायला आली. तिच्या जावेला तोच आजार निघाला होता. "तुम्ही काय काय खाल्लंत ते लिहून द्या," ती म्हणाली. "आम्ही तसंच तंतोतंत करू."

मी लिहून दिलं नाही. तिच्याबरोबर तिच्या घरी गेले. जाऊ तरुण होती, भिंतीकडे तोंड करून पडलेली. उशाशी कसलेसे तीन-चार रस झाकून ठेवलेले. मी पलंगाच्या कडेला बसले आणि विचारलं, "तुला काय खावंसं वाटतंय?"

ती वळली. माझ्याकडे टक लावून बघितलं. बहुतेक हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता.

"हसणार नाही ना?" ती म्हणाली. "शाळेबाहेर मिळायची ना, तिखट-मीठ लावलेली, त्या बोरांची आठवण येते."

"ती कशी असायची?" मी विचारलं. "सांग."

आणि ती सांगू लागली.